इंजिन नवं केलं तरी क्वाड कॉम्प्रेशन धरत नाही: कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

क्वाडला (वाळूत-मातीत चालणाऱ्या चार चाकांच्या लहान गाडीला) पिस्टन, रिंगा, बोअर नवं टाकलं, हेडचं काम केलं, ऑइल बदललं, आणि गाडी तरी नीट चालू होत नाही. अशा वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, कमी असल्याची पुढची लक्षणं दिसतात का ते आधी बघा:

- सेल्फ मारल्यावर इंजिन हलकं आणि एकसारखं फिरतं. कॉम्प्रेशनच्या फेरीला आवाजात जो अडखळा यायला हवा तो येत नाही.
- थंड इंजिन चोक देऊन कसंबसं चालू होतं, पण गरम झाल्यावर बंद पडलं की परत चालू होत नाही.
- आयडलिंग टिकत नाही, मऊ वाळूत किंवा चढाला गाडी ओढत नाही.
- कार्ब्युरेटरच्या तोंडातून फुसकारा येतो किंवा पेट्रोलचे थेंब बाहेर उडतात.
- ब्रीदरच्या (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून धूर आणि ऑइल येतं.

दुसरं लक्षण टॅपेटकडे (व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या गॅपकडे) बोट दाखवतं, चौथं इनटेक व्हॉल्व किंवा टायमिंगकडे (व्हॉल्व उघडण्या-मिटण्याच्या वेळेकडे) आणि पाचवं रिंगांकडे. पण एकट्या लक्षणावर निदान करून इंजिन उघडू नका.

खालचे आकडे होंडा कबच्या घडणीवर बेतलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या आडव्या ११० सीसी इंजिनाचे आहेत. लहान क्वाडमध्ये हेच इंजिन सर्रास असतं: बोअर ५२.४ मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, प्रत्यक्ष आकारमान १०७ सीसीच्या आसपास. मोठ्या चार-स्ट्रोक क्वाडला तपासणीचा क्रम हाच, मापं मात्र त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलची घ्या.

ताज्या बांधलेल्या इंजिनात पहिला संशय रिंगांवर घ्यायचा नाही. सगळ्यांचा हात तिकडेच जातो आणि हेड-ब्लॉक पुन्हा उतरतो. दोष बऱ्याचदा मोजण्यात, टॅपेटमध्ये किंवा टायमिंगमध्ये असतो, आणि या तिन्ही गोष्टी हेड न काढता समजतात. शिवाय इंजिन उघडलं की गॅस्केट वाया जातं आणि गळती नेमकी कुठून होत होती त्याचा पुरावाही जातो.

आधी मोजणीच बरोबर आहे का ते बघा

कॉम्प्रेशन गेज लावण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. समुद्रकाठी चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरी टर्मिनलवर आणि चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरवर खाऱ्या हवेने पांढरा-हिरवा थर चढतो. मग सेल्फ फिरतो, पण हळू. हळू फिरणाऱ्या इंजिनात हवेला निसटायला जास्त वेळ मिळतो आणि आकडा पडतो. टर्मिनल घासून साफ करायला काही खर्च नाही, म्हणून सुरुवात इथूनच. सेल्फ नुसता घरघरतो आणि मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) फिरतच नाही, असं असेल तर सेल्फचा वन-वे क्लच घसरतोय. तिथे कॉम्प्रेशन मोजून उपयोग नाही.

नंतर थ्रॉटल. मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, चोक लावलेला नको. मुलांच्या क्वाडला अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलवर वेग मर्यादित ठेवणारा स्क्रू असतो. तो आत वळवलेला असेल तर तुम्ही लिव्हर कितीही दाबा, कार्ब्युरेटरची स्लाइड अर्ध्यावरच थांबते. सिलेंडरमध्ये पुरेशी हवा गेली नाही तर दाब कुठून येणार? स्क्रू मोकळा करा किंवा स्लाइड काढून ठेवा. मोठ्या गाडीत व्हॅक्यूमवर चालणारा कार्ब्युरेटर असेल तर नुसतं थ्रॉटल उघडून स्लाइड वर जात नाही, ती बोटाने उचलून धरावी लागते.

तिसरी गोष्ट खुद्द गेज. ११० सीसीच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम १३ सीसी असते. गेजची नळी ३० सेंमी लांब, आतून ४ मिमी रुंद आणि एकतर्फी व्हॉल्व गेजच्या टोकाला असेल, तर नळीतली पावणेचार सीसी जागा त्यात मिळते. म्हणजे ९:१ चं इंजिन गेजपुरतं ७.२:१ चं होतं आणि धडधाकट इंजिन आजारी दिसतं. व्हॉल्व प्लगच्या टोकाला असलेलं गेजच वापरा. या इंजिनांना बहुतेक १० मिमी आट्यांचा, १२.७ मिमी लांबीचा प्लग लागतो. अडॅप्टर त्याहून लांब असेल तर आत पिस्टनला किंवा व्हॉल्वला धडकू शकतो. लावण्याआधी जुन्या प्लगशेजारी धरून लांबी ताडून बघा.

आता मोजा. इंजिन चालू होत असेल तर कोमट करून घ्या. प्लग काढा, कॅपमध्ये परत घालून त्याचं अंग इंजिनाला टेकवा, म्हणजे सीडीआयवर (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) ताण येणार नाही. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, त्यामुळे ठिणगी त्या भोकाजवळ नको. सीडीआयचा जोड काढून ठेवला तर सर्वांत बरं. बऱ्याच क्वाडचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही, तेव्हा जोडीला एक माणूस घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडून काटा वर चढायचा थांबेपर्यंत, साधारण ६ ते ८ फेऱ्या सेल्फ मारा. असं तीनदा करा.

समुद्रसपाटीला १२० ते १६० पीएसआय मिळाले तर काळजी नाही, दोष दुसरीकडे शोधा. ९० च्या खाली गाडी चालू व्हायला त्रास देणार आणि ६० च्या खाली बहुधा चालूच होणार नाही. मॅन्युअलमध्ये आकडा किलो प्रति चौरस सेंमीमध्ये दिलेला असेल तर १४.२ ने गुणा. आणि जागा लक्षात ठेवा: पाचगणी-महाबळेश्वर १३०० मीटरच्या आसपास उंचीवर आहेत, तिथे हवेचा दाबच १४-१५ टक्के कमी. अलिबागला १५० दाखवणारं इंजिन तिथे १३० च्या आत दाखवेल, त्यात इंजिनाचा दोष नाही.

एकटा शेवटचा आकडा बघू नका, काटा कसा चढतो तेही बघा. पहिल्या फेरीला कमी आणि मग टप्प्याटप्प्याने वर, असं रिंगांच्या गळतीत दिसतं. पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडकलेला काटा व्हॉल्व, टायमिंग किंवा गॅस्केट सुचवतो.

मोठ्या क्वाडबाबत एक खबरदारी घ्या. त्यांतल्या अनेकांच्या कॅमशाफ्टवर ऑटो-डीकॉम्प्रेशन असतं. सेल्फला जड जाऊ नये म्हणून ते हळू वेगात एक्झॉस्ट व्हॉल्व किंचित उचलून धरतं. अशा इंजिनाचा आकडा चांगल्या अवस्थेतही कमीच येतो. तिथे मॅन्युअलचा आकडा किंवा पुढे दिलेली हवेची चाचणी, एवढाच भरवसा.

टॅपेट: बांधलेल्या इंजिनातला सर्वांत स्वस्त दोष

व्हॉल्व लॅपिंग केलं (पेस्ट लावून सीटवर घासून बसवला) किंवा सीट कापली की व्हॉल्व हेडमध्ये थोडा खोल बसतो. त्याचा दांडा तेवढाच रॉकरच्या बाजूला बाहेर येतो आणि टॅपेटचा गॅप संपतो. गॅप शून्य झाला की व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही. गरम झाल्यावर दांडा आणखी लांबतो, म्हणून थंड गाडी चालू होते आणि गरम गाडी दगा देते.

इंजिन पूर्ण थंड हवं, हात लावल्यावर कोमटही लागता कामा नये. मॅग्नेटवरची 'टी' खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. पण 'टी' खूण चार स्ट्रोकच्या एका फेऱ्यात दोनदा येते. कॉम्प्रेशनच्या वेळची खरी, तेव्हा दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. एक घट्ट आणि एक सैल लागला तर मॅग्नेट आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. दोन्ही व्हॉल्वला ०.०५ मिमी. फिलर गेजची ही बारीक पट्टी वाकलेली असेल तर चुकीचं माप देते, तेव्हा ती आधी निरखून घ्या. पट्टी ओढताना हलका अडथळा लागला पाहिजे. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

बरोबर करून पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. आकडा ७० वरून १३० ला गेला तर काम झालं. नवे व्हॉल्व सुरुवातीला बसत जातात, त्यामुळे गाडी २-३ तास चालल्यावर टॅपेट परत एकदा तपासा. हे राहून जातं आणि तीच गाडी त्याच तक्रारीने परत येते.

टायमिंग एका दाताने चुकलंय का

कॅमची चक्री एका दाताने मागे पडली की इनटेक व्हॉल्व उशिरा बंद होतो. पिस्टन वर येऊ लागल्यावरही तो उघडा राहतो आणि हवा कार्ब्युरेटरकडे परत ढकलली जाते. चक्रीला २८ दात असतील तर एका दाताचा फरक क्रँकवर जवळजवळ २६ अंश होतो. एवढ्या फरकाने इंजिन फिरेल, कदाचित चालूही होईल, पण ओढणार नाही.

चक्रीवरचं झाकण काढा. मॅग्नेट 'टी' वर असताना चक्रीवरची खूण हेडवरच्या खाचेच्या अगदी समोर हवी. इथे दोन घोटाळे होतात. एक, 'टी' ऐवजी 'एफ' वर टायमिंग लावलं जातं. 'एफ' ठिणगीची खूण आहे, पिस्टन तिथे अजून वर पोचलेला नसतो. दुसरा घोटाळा लपलेला असतो: मॅग्नेटची अर्धचंद्राकृती चावी तुटली की मॅग्नेट क्रँकवर फिरतो आणि 'टी' खूणच खोटी ठरते. शंका आली तर प्लगच्या भोकातून प्लास्टिकची स्ट्रॉ आत सारा आणि मॅग्नेट हाताने हळू फिरवा. स्ट्रॉ जास्तीत जास्त बाहेर आली की पिस्टन वर आहे. त्या क्षणी 'टी' समोर नसेल तर मॅग्नेट उतरवा. धातूची सळई किंवा तुटेल अशी काडी आत घालू नका.

टायमिंग चुकलेलं सापडलं तर ते सुधारून लगेच सेल्फ मारू नका. आधी हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. मध्ये कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व पिस्टनला लागतोय. आणि चुकलेल्या टायमिंगवर गाडी बराच वेळ सेल्फने फिरवली असेल तर व्हॉल्व वाकलेला असू शकतो.

हवा भरून ऐका

इतकं करून आकडा पडलेलाच असेल तर हेड उघडण्याआधी ही एक चाचणी नक्की करा. लीक-डाउन टेस्टर (भरलेल्या हवेची गळती टक्क्यांत दाखवणारं गेज) असेल तर उत्तम: १० टक्क्यांच्या आत गळती म्हणजे छान, २० पर्यंत चालेल, ३० च्या वर इंजिन उघडायचं. टेस्टर नसेल तर प्लगच्या आट्यांचा अडॅप्टर आणि पंक्चरवाल्याचा कंप्रेसर पुरतो. मग टक्केवारी मिळत नाही, पण हवा कुठून जाते ते समजतं, आणि पुढचं काम त्यावरच ठरतं.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या 'टी' वर आणा. ३०-४० पीएसआयच्या वर जायची गरज नाही. हवा भरताच क्रँकला झटका बसू शकतो. या गाड्यांना सेंट्रिफ्यूगल (वेग वाढल्यावरच पकडणारा) क्लच असतो, त्यामुळे गिअर टाकून क्रँक अडत नाही. मॅग्नेटच्या नटावर लांब पाना लावून एकाने तो घट्ट धरावा, चेहरा आणि बोटं पान्याच्या वाटेत नकोत. पाना तसाच लावून सोडू नका.

आता कान लावा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. हेडच्या जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गॅस्केट. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, पण थोडी फुसफुस नव्या रिंगांचीही येतेच, तिला घाबरू नका.

यात एक फसवी जागा आहे. टायमिंग चेनचा बोगदा ब्लॉकमधून जातो आणि क्रँककेसला जोडलेला असतो. गॅस्केट बोगद्याच्या बाजूला फुटलं तर हवा बाहेर न येता आतून ऑइलच्या झाकणापर्यंत येते आणि रिंगा गेल्यासारखं वाटतं. फरक करायला प्लगच्या भोकातून अर्धा चमचा, म्हणजे अडीच-तीन मिली, इंजिन ऑइल घाला, हाताने इंजिन ८-१० वेळा फिरवा आणि पुन्हा ऐका. आवाज स्पष्ट कमी झाला तर रिंगा. तसाच राहिला तर गॅस्केटचा संशय घ्या.

हीच ऑइलची युक्ती कॉम्प्रेशन गेजबरोबरही वापरतात, पण आडव्या इंजिनात ती जपून वापरा. सिलेंडर जवळजवळ आडवा असल्याने ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि वरच्या अर्ध्या भागातल्या रिंगा कोरड्याच राहतात. जास्त ऑइल घातलं तर उलट फसगत होते: १३ सीसीच्या जागेत ५ मिली ऑइल बसलं की इंजिनात काहीही न सुधारता आकडा उडी मारतो.

हेड उघडल्यावर

गॅस्केट काढताच दोन्ही बाजूंनी बघा. कडेला काळा पट्टा बाहेरपर्यंत गेलेला असेल तर गळती तिथूनच होती. हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फिलरने तपासा. ०.०५ मिमीची पट्टी खालून सरकली तर हेड वाकडं. थोडंसं असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा एमरी पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासून सुधारतं. बसवताना नट तिरपे, २-३ टप्प्यांत आवळा. ८ मिमीच्या स्टडला साधारण २० ते २४ न्यूटन-मीटर लागतात. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा, अंदाजाने आवळलेलं हेड हे याच तक्रारीचं एक नेहमीचं कारण आहे.

व्हॉल्व तपासायला हेड उलटं धरून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल भरा. दोन-तीन मिनिटांत व्हॉल्वच्या कडेने पाझरलं तर सीट धरत नाही. लॅपिंगनंतर व्हॉल्ववर सलग राखाडी पट्टा दिसला पाहिजे, रुंदी १ मिमीच्या आसपास. पट्टा मध्येच तुटलेला असेल तर व्हॉल्व वाकलाय किंवा गाइड खाल्लंय. वाकलेला व्हॉल्व लॅपिंगने कधीच बसत नाही, तो बदला.

ब्लॉक काढण्याआधी पिस्टन सर्वांत वर आणा आणि तो ब्लॉकच्या कडेपासून किती खाली राहतो ते मोजा. दुसऱ्याच किटचा पिस्टन, उंच ब्लॉक किंवा खाली दोन पॅकिंग टाकली गेली तर इथे जास्तीची जागा राहते. केवळ १ मिमी जास्तीच्या अंतराने ९:१ चं इंजिन ७.९:१ वर येतं. मग रिंगा, व्हॉल्व सगळं चोख असूनही आकडा कमी. ११० च्या आणि १२५ च्या किटची सरमिसळ दुकानातूनच होते. १२५ च्या अनेक किटांचं बोअर ५४ मिमी असतं, विकत घेतानाच व्हर्निअर लावा.

रिंगा आणि बोअर

वरची रिंग एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि तोंडातला गॅप मोजा. बोअरच्या हजारात ४ भाग हा चालणारा हिशेब आहे, म्हणजे ५२.४ मिमीला ०.२१ मिमी. ०.५ च्या वर असेल तर रिंग किंवा बोअर चुकीचं. अजिबात गॅप नसेल तर आणखी वाईट, गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि बोअर ओरबाडतं. रिंगेवरचं अक्षर वरच्या बाजूला हवं. दुसरी रिंग उलटी बसली तर ऑइल खाली खरवडायच्या ऐवजी वर ढकलते. रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत, एकमेकींपासून १२० अंशांवर ठेवा. ऑइल रिंगमधल्या जाळीची टोकं एकमेकांवर चढलेली नसावीत.

पिस्टन आणि बोअरमधलं अंतर नवं असताना ०.०२ ते ०.०४ मिमी, ०.१० झालं की बोअर संपलं. पिस्टन खालून १० मिमीवर, पिनच्या काटकोनात मोजा. बोअर तीन उंचीवर आणि दोन दिशांनी.

होनिंगनंतर (दगडाने बोअरला बारीक रेघा पाडल्यानंतर) बोअर कशाने धुतलं हे लेथवाल्याला जरूर विचारा. पेट्रोलने पुसलं की दगडाची बारीक भुकटी रेघांमध्येच राहते आणि नव्या रिंगा पहिल्या तासातच घासते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, आणि पांढरं फडकं फिरवल्यावर काळं लागायचं थांबेपर्यंत. मग लगेच ऑइलचा हात, नाहीतर गंज चढतो.

रिंगा बसायलाही वेळ लागतो. नवं इंजिन स्टँडवर तासभर आयडलिंगला ठेवू नका. वारा लागत नाही, इंजिन तापतं, रिंगांवर दाब येत नाही आणि बोअरला काचेसारखी चकाकी येते. मग रिंगा कधीच बसत नाहीत. थोडं गरम झालं की गाडी चालवा, वेग कमी-जास्त करत, पण पूर्ण थ्रॉटल न देता.

महिन्याभरात परत तेच झालं तर

कॉम्प्रेशन चांगलं आलं, गाडी गेली आणि काही आठवड्यांत पुन्हा बसली. किनाऱ्यावरच्या गाड्यांत याचं कारण वाळू. वाळूतले गारेचे कण बोअरच्या बिडापेक्षा कठीण असतात. एअर फिल्टरचा फोम कोरडा किंवा फाटलेला असेल, किंवा फिल्टर आणि कार्ब्युरेटरमधल्या रबरी बूटला चीर असेल, तर वाळू थेट आत जाते. उघडल्यावर रिंगांवर आणि पिस्टनवर उभ्या रेघा दिसतात, आणि वरच्या रिंगेचा गॅप दुसरीपेक्षा बराच वाढलेला असतो.

बूटच्या आत, फिल्टरच्या पुढे, बोट फिरवा. कचकच लागली तर तिसऱ्यांदा पिस्टन किट घेण्याआधी बूट, क्लॅम्प आणि फोम बदला. फोमला फिल्टर ऑइल लावून हाताने दाबून घ्या, पिळू नका. बूटच्या आतल्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्या आणि आठवड्याने बघा. ग्रीसवर कण चिकटले असतील तर वाट अजून उघडी आहे.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

बोअर अंडाकृती झालंय किंवा उभी खरोच नखाला लागते, तर लॅपिंग, एमरी काही चालणार नाही. ब्लॉक बोरिंगवाल्याकडे जाईल, ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात द्या, तो त्याच्या मापानेच कापेल. व्हॉल्व गाइड बदलणं आणि सीट कापणं हे हेडचं काम करणाऱ्या लेथवाल्याचं. स्टडच्या आट्या केसमधून निघाल्या तर नट आणखी आवळत बसू नका, हेलिकॉइल (नव्या आट्या देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहा: बाजूला थोडा हलला तर ठीक, वर-खाली जराही खेळ लागला तर क्रँक उघडायचा आणि ते प्रेस असलेल्या वर्कशॉपचं काम आहे. तुटलेल्या रिंगेचा तुकडा हिशेबात मिळत नसेल, तर तो सापडेपर्यंत सेल्फला हात लावू नका.

गाडी देताना आकडे कागदावर लिहून द्या: कोरडं कॉम्प्रेशन, ऑइल घातल्यावरचं, टॅपेटचा सापडलेला गॅप, टायमिंगची खूण कुठे होती आणि हवा कुठून जात होती. मग त्याला इंजिन पहिल्यापासून चाचपावं लागत नाही.